तीस मिनिटं तापवावं

बारामती
१४ जानेवारी २०२४

दादा,

तुझा माग मला पाण्यात लागला. पंधरा दिवस झाले, मी हे कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, रेश्मावहिनीलाही नाही. सांगायचं म्हटलं तरी काय सांगू? ज्याची चप्पल साडेसहा वर्षांपूर्वी उजनीच्या काठावर सापडली, त्याच्या अंगाचे कण गेल्या महिन्यात भरलेल्या बाटलीत आहेत, असं?

नीट सांगते. माझं दुधाचं काम तुला माहीत आहे, पुढचं माहीत नाही. दूध मी केव्हाच सोडलं. आता बारामतीतल्या एका संशोधन केंद्रात उजनीच्या पाण्यावर काम करते. धरणाच्या फुगवट्यात इंदापूरपासून करमाळ्याच्या काठापर्यंत आमची बारा ठिकाणं ठरलेली आहेत. दर पंधरा दिवसांनी तिथलं पाणी भरून आणायचं, गाळायचं आणि गाळणीवर जे उरतं त्यातला डीएनए वाचायचा. पाण्यात जो शिरतो तो अंगाचं काही ना काही मागं ठेवतोच. मासा, म्हैस, पाणकोंबडी, सगळे. कुठला मासा कमी होतोय, कुठला परका मासा वाढतोय, ते जाळं न टाकता कळतं. लाखो तुकडे निघतात. ते ओळखायचं काम संगणकाचं आणि त्याला शिकवायचं काम माझं.

त्यात माणसांचेही तुकडे येतात. ते आम्ही बघत नाही. पहिल्याच पायरीला संगणक ते वेगळे काढतो आणि बाजूच्या फाइलीत टाकून देतो. माझा स्वतःचा डीएनएही मी संगणकात ठेवलाय, म्हणजे माझ्या हातून बाटलीत काही गेलं तर लगेच समजावं.

डिसेंबरच्या शेवटी ती टाकाऊ फाइल मी उघडली. जागा कमी पडत होती, जुनं पुसायचं होतं. नऊ नंबरच्या बाटलीत माझाच तुकडा होता. मला वाटलं, हातमोजा फाटला असेल. मग तारीख बघितली. एकवीस डिसेंबर. त्या दिवशी मी हैदराबादला होते. पाणी भरलं ते आमच्या तंत्रज्ञानं, सुयोगनं. गाळलंही त्यानंच. ती बाटली मी हातात धरलेली नाही.

हा तुकडा आईकडून मुलांना जातो. म्हणजे तो माझ्यात आहे, आईत आहे आणि तुझ्यात. आईला बहीण नव्हती, भाऊ लहानपणीच गेला. आई पाच वर्षांत कोऱ्हाळ्याच्या शिवेबाहेर पडलेली नाही. मी पुन्हा तपासलं, वेगळ्या पद्धतीनं. पुरुष आहे. सुयोग नाही.

तुझी मोटारसायकल ज्या काठावर उभी सापडली, त्याच्या समोर, पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावठाणावर आमचं नऊ नंबरचं ठिकाण आहे.

आणि दादा, हे कण पाण्यात फार तर आठवडाभर टिकतात. सहा वर्षं टिकत नाहीत.

येत्या ऑगस्टला सात वर्षं होतील. वकील म्हणतात, ज्यांना कळायला हवं त्यांनी सात वर्षं माणसाविषयी काही ऐकलं नसेल, तर तो गेला असं धरता येतं. कोर्टात अर्ज द्यावा लागेल. कागद तयार आहेत. आईची, वहिनीची आणि माझी अशा तीन सह्या हव्यात. माझी झाली आहे.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही.

संजी


४ फेब्रुवारी

दादा,

जानेवारीत दोनदा पाणी भरलं. दोन्ही वेळा नऊ नंबरला तू आहेस. बाकीच्या ठिकाणी माणसं आहेत, मासेमार, म्हशी धुणारे, पण तू नाहीस.

दुसऱ्या खेपेला सुयोगला केंद्रात ठेवून मी एकटीच गेले. आमची होडी झुंबरतात्यांची असते. साठी उलटलेला मासेमार, अख्खा जन्म त्या पाण्यावर गेलेला. नऊ नंबरजवळ आलो की ते वल्हं वर धरतात आणि होडी आपोआप सरकू देतात. तीन वर्षं मी त्या होडीत बसतेय, हे माझ्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

"तात्या, हितं खाली काय आहे?"

"गावठाण. चावडी, तालीम, आड. माझं घर बी हाय की."

"आणि आता कोण असतं?"

"पाण्यात कोण असणार ताई? पाणी."

दुपारचे तीन वाजले होते. वारा नव्हता. बाटली बुडवायला वाकले तेव्हा पाण्यात मला तात्या दिसले. ते माझ्याकडं बघत नव्हते, काठावरच्या वेड्या बाभळींकडं बघत होते. मी मान वळवली. बाभळीत काही हललं नाही. फक्त एका ठिकाणचे बगळे उठले, दहा-बारा, आणि बाकीचे तसेच बसून राहिले.

एक गोष्ट लिहायला भीती वाटते. पाण्यात कण सोडायला माणूस जिवंत असावा लागतो, असं काही नाही. सहा वर्षांपूर्वीचं प्रेत नसेल, पण महिन्यापूर्वीचं असू शकतं. म्हणून फाइल उघडताना मी आधी आकडा बघते. वाढत गेला तर खाली काहीतरी कुजतंय. घटत गेला तर संपत आलंय. तेवढाच राहिला, तर कुणीतरी तिथं रोज अंघोळीला उतरतंय.

तिन्ही वेळा आकडा जवळपास तेवढाच आहे.

परत येताना मी म्हटलं, "तात्या, या काठानं कुणी ऋषिराज म्हणून माणूस राहतो का? कोऱ्हाळ्याचा आहे."

"आमी नाव इचारत न्हाय. पाण्यावर आलेल्याला नाव इचारू ने."

जानेवारीतलं पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवलं होतं. ते त्यांच्यापुढं धरलं. "कुणी भेटलं तर द्या." त्यांनी ते बंडीच्या आतल्या खिशात सरकवलं आणि वल्हं हातात घेतलं. कुणाला द्यायचं, ते त्यांनी विचारलं नाही. दादा, ते त्यांनी विचारायला हवं होतं.


३ मार्च

दादा,

काल कोऱ्हाळ्याला गेले होते. आईचे गुडघे पार गेलेत, भिंतीला धरून ओट्यापर्यंत येते, तेवढंच. वहिनी दोन म्हशी सांभाळते. कपाळाला कुंकू लावते. भावकीतल्या बायका मागून बोलतात, ती ऐकून घेते.

मी कागद काढले. आईनं हातात घेतलेच नाहीत. वहिनीनं सगळी पानं उलटून बघितली, जिथं तिचं नाव छापलंय तिथं बोट ठेवलं आणि पुन्हा माझ्याकडं दिली.

"बघू की वन्सं. घाई काय हाय?"

"ऑगस्टला सात वर्षं होतील, वहिनी."

"हुंदी की."

मला दोघींना सांगायचं होतं, तिथंच, ओट्यावर. पाण्यात काय सापडलंय ते. तोंड उघडलं आणि गुडघ्याच्या तेलाचं काहीतरी बोलले.

आज सकाळी होडी काढली. यंदा पाणी लवकर उतरलंय. जुन्या गावठाणाचा उंचवटा उघडा पडला आहे, चिखल वाळून त्याला भेगा गेल्यात, मधे जोत्यांचे दगड. तात्या उतरले नाहीत. म्हणाले, "तुमी जावा. मला नगं."

एका जोत्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल होती. मी राखेत बोट घातलं. भाजलं.

अकरा वाजले होते. चहूकडं उघडं रान, एक झुडूप नाही, लपायला जागा नाही. चुलीपासून पाण्यापर्यंत ओल्या पावलांची रांग गेलेली. दगडावर उठलेली पावलं उन्हानं वाळत होती, माझ्यासमोर एकेक पुसट होत होती. पाण्याकडं गेलेली होती. पाण्यातून वर आलेली नव्हती. मी पाण्याच्या कडेला उभी राहून बराच वेळ बघत राहिले, कुठं डोकं वर येतंय का. एवढा वेळ कुणाला श्वास धरता येत नाही. मग माझ्या पाठीला काहीतरी जाणवलं, कुणी मागून बघतंय असं, आणि मी वळले नाही. मी शास्त्रज्ञ आहे, दादा. वळायला हवं होतं.

फेब्रुवारीचं पत्र चुलीच्या दगडाखाली ठेवून आले.

वकिलाचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. वकिलाकडं मीच गेले होते. सात वर्षांची आठवण घरात कुणी काढली नव्हती, मीच काढली.


२४ मार्च

दादा,

दगडाखालचं पत्र नेलंस. त्या जागी काही ठेवलं नाहीस, पण नेलंस. चूलही मोडलीस. तिन्ही दगड तीन दिशांना फेकलेले होते.

आणि माझ्या त्या खेपेनंतर पहिल्यांदा पाणी भरलं, त्यात नऊ नंबर रिकामं आहे.  मग पुढच्या फायली उघडल्या. तू सहा नंबरला होतास. मग सहा नंबरला मी स्वतः होडीतून गेले, आणि त्यानंतर भरलेल्या पाण्याचा निकाल काल आला. तिथंही आता नाहीस, तीन नंबरला आहेस, थेट करमाळ्याच्या बाजूला. मी जिथं येते तिथून तू उठतोस.

रात्रभर डोक्यात एवढंच होतं, की मी तुला शोधतेय. सकाळी चहा घेताना कळलं की मी तुला हुसकावतेय. दुसऱ्यांदा. पहिल्यांदाही यंत्र माझंच होतं.

लिहितेच आता. तू ज्या कारणानं गेलास ते तुला माहीत आहे. खरं कारण माहीत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात एमआयडीसीतल्या त्या डेअरीत माझं यंत्र बसवलं होतं. आठ संवेदकांचं नाक. कॅनच्या तोंडाशी धरलं की दुधाचा वास वाचून सांगायचं, चोख आहे की धुण्याचा सोडा घातलाय. कोऱ्हाळ्याच्या संकलन केंद्राचं दूध, म्हणजे तुझ्या केंद्राचं, एकवीस दिवसांत एकोणीस वेळा सोड्याचं निघालं. प्रयोगशाळेतली रासायनिक चाचणी मात्र चोख म्हणत होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, यातच तुझा शोध आहे. चाचणीला जी भेसळ सापडत नाही, ती तुझं यंत्र पकडतं. त्या वाक्यावर माझा निबंध छापला गेला, पेटंट निघालं. त्या वाक्यावर तुझं केंद्र बंद झालं.

थोड्याच दिवसांनी, तुझी चप्पल सापडून गेल्यावर, लोणी भापकर गावचं दूध सोड्याचं निघायला लागलं. रोज. मी पहाटे डेअरीत जाऊन बसले. तुझं केंद्र बंद झाल्यामुळं आता लोणी भापकरची गाडी सगळ्यात आधी यायची. आधी तुझी यायची.

संवेदक तापायला वेळ लागतो, दादा. पहाटेच्या ओल्या हवेत, गार यंत्रासमोर जो पहिला कॅन येईल तो सोड्याचा. कुठलाही. साधं पाणी धरलं असतं तरी सोड्याचं निघालं असतं.

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या प्रबंधात यंत्र कसं वापरायचं ते दिलंय, त्यात एक ओळ वाढवली. 'वापरण्यापूर्वी यंत्र तीस मिनिटं तापवावं.' का, ते लिहिलं नाही. परीक्षकांनी विचारलंही नाही.


१४ एप्रिल

दादा,

मार्चची दोन्ही पत्रं झुंबरतात्यांकडं दिली. त्यांनी या वेळी ती कपाळाला लावली. का, मला समजलं नाही.

टाकाऊ फाइलीतलं तुझं सगळं मी पुसलं. बारा ठिकाणांचं, चार महिन्यांचं. सुयोगला सांगितलं, माणसाचे तुकडे पूर्वीसारखे सरळ जाऊ दे, उघडायचे नाहीत. त्यानं विचारलं, "मॅडम, काही सापडलं होतं का?" मी म्हटलं, "माझंच होतं." तू कुठं आहेस ते आता मला ठाऊक नाही.

एक राहिलंय. तेवढं लिहिलं की माझ्याकडं लपवायला काही उरत नाही.

ज्या दिवशी केंद्रावर माणसं जमली, त्या दिवशी मी बारामतीत होते असं मी आईला सांगितलं. तुलाही तसंच वाटत असेल. डेअरीची जीप आली होती ना, चिंचेखाली उभी? मागच्या सीटवर मी होते. यंत्र मांडीवर होतं. डेअरीचे साहेब म्हणाले होते, गरज पडली तर लोकांना दाखवू. गरज पडली नाही. सगळ्यांचा आधीच विश्वास बसला होता.

तू ओट्यावर उभा होतास. तू म्हणालास, "माझी बहीण त्याच कामात हाय. तिला इचारा. ती सांगंल." मला ते काचेतून ऐकू आलं. मग आपल्या भावकीतल्या रविराजनं कॅन उचलला आणि तुझ्या डोक्यावर ओतला. चाळीस लिटर. तू डोळे मिटले नाहीस. दूध पापण्यांवरून गळत होतं आणि तू समोर बघत होतास, चिंचेकडं. मी खाली वाकले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. जीप निघेपर्यंत बांधत होते.

तू मला बघितलं होतंस का, हे मला सात वर्षं विचारायचं आहे. म्हणून कोर्टाचे कागद केले. मेलेल्याला विचारावं लागत नाही.


२८ एप्रिल

दादा,

निबंध मागं घ्यावा म्हणून नियतकालिकाला लिहिलं. पेटंटच्या कार्यालयाला लिहिलं. डेअरीला लिहिलं, तिकडून अजून उत्तर नाही. आमच्या संशोधन केंद्राच्या संचालकांपुढं कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सात वर्षांनी कशाला? कुणी विचारत नव्हतं." चौकशी बसली आहे. तोवर माझं काम बंद.

मग गावात गेले. जुनं यंत्र माझ्या कपाटात होतं, ते नेलं. काल सकाळी दुधाच्या वेळेला तुझ्या केंद्राच्या ओट्यावर मांडलं. शटर गंजलंय, त्यावर तेव्हा लोकांनी लिहिलेलं 'सोड्याचं दूध' अजून वाचता येतं. चाळीसेक माणसं जमली. रविराज कडेला मोटारसायकलवर बसून होता. आईला खुर्चीवर उचलून आणलं.

वहिनीनं त्यांच्यासमोर म्हैस पिळली. चरवी मी यंत्रापुढं धरली आणि गार यंत्र सुरू केलं. लाल दिवा लागला.

"हे दूध सोड्याचं आहे म्हणतंय," मी म्हटलं. "तुम्ही आत्ता पिळताना बघितलंत."

 मी म्हटलं, आता अर्धा तास थांबायचं. आणि तो अर्धा तास, दादा, तुझ्या गावातली चाळीस माणसं उन्हात बसून राहिली. कुणी तंबाखू मळली नाही. फोन वाजला तो कुणीतरी न बघता बंद केला. यंत्रातला पंखा गुणगुणत होता, तेवढाच आवाज. मला वाटत होतं, माणसं यंत्राकडं बघतायत. नंतर समजलं, ती आईकडं बघत होती. आई जिथं तू उभा होतास त्या जागेकडं बघत होती, जसं कुणी उभंच आहे तिथं. एकदा तिनं मान हलवली, कुणी काही विचारलं तर हलवावी तशी.

तीस मिनिटांनी तेच दूध धरलं. हिरवा दिवा.

मी सगळं सांगितलं. पहिला कॅन, लोणी भापकर, ती एक ओळ, जीप. म्हातारे गेणबा म्हणाले, "म्हंजी पोरगं चोख व्हतं." मी म्हटलं, "होय." रविराज उठला, ओट्याजवळ आला, चरवीत बघितलं. "त्या दिशी कॅन म्या ओतला," म्हणाला. ते सगळ्यांना माहीतच होतं. तरी म्हणाला, आणि गाडी तिथंच सोडून चालत गेला.

माणसं पांगल्यावर वहिनी चरवी विसळत होती. मी जवळ गेले.

"वहिनी, ते कोर्टाचे कागद मी फाडले. आणि एक सांगायचंय. दादा—"

"जित्ते हायत. ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पयल्या दिवाळीपासनं ठाऊक हाय. झुंबरतात्यांनी सांगावा धाडला व्हता. त्यांच्याच जाळ्यावर असत्यात. पाणी उतरलं की जुन्या गावठानात ऱ्हात्यात, पावसाळ्यात तात्यांच्या खोपीत."

"आणि आईला?"

"आत्यास्नी मीच सांगितलं, त्याच दिशी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

वहिनीनं चरवी पालथी घातली. "तुमी त्यांस्नी मेलेलं धरलं व्हतं, वन्सं. तसं धरलं तर तुमास्नी बरं पडतंय, असं ते म्हणायचे. ऱ्हाऊ दे म्हणायचे."

कोर्टापुढं ठेवायच्या त्या वाक्यात, सात वर्षं काही न ऐकलेल्यांत, मी एकटीच होते. ज्यांना कळायला हवं, त्या सगळ्यांना कळलं होतं.

मी विचारलं, कसा दिसतो आता? वहिनीनं पालथी चरवी पदरानं पुसली. मग म्हणाली, "बगितलं न्हाय."

दर महिन्याला ती इंदापूरच्या बाजाराचं निमित्त करून जाते. काठावर वेड्या बाभळीचं रान आहे. ती अलीकडं बसते, डबा ठेवते आणि मागं सरते. पलीकडून तू बोलतोस. म्हशींचं विचारतोस, आईचं विचारतोस. डबा रिकामा येतो. सात वर्षं बायकोनं तुझा फक्त आवाज ऐकलाय. "ज्या तोंडावर गावानं दूध ओतलं, ते दाखवायचं न्हाय म्हणत्यात. कधी कधी आवाज बी येत न्हाय वन्सं. डबा तेवढा रिकामा हुतो. तवा मला भ्या वाटतं, पलीकडं तेच हायत का दुसरं कोन."

हे पत्र ती घेऊन जाणार आहे. मी वाचून दाखवलं तिला. ती म्हणाली, लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या.


१२ मे

दादा,

तू जेवत होतास तेव्हा मी कुठं होते, ते सांगते.

वहिनीनं तुझा निरोप आणला. आईला आण म्हणालास, माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं नव्हतंस म्हणून मी येणार नव्हते, पण सुयोगची गाडी आणायची होती आणि आईला उचलायला दोन माणसं हवीत, म्हणून आले. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, बाभळीपासून वीस पावलांवर. गाडी मागं बांधावर होती. मी गाडीपाशी जाऊन पाण्याकडं पाठ करून उभी राहिले. तुझं तोंड कुणाला दाखवायचं ते तुझं तू ठरवायचं. मी आयुष्यभर नको तिथं नाक खुपसलंय, एवढं एक न बघता राहता आलं पाहिजे, असं मनात धरलं होतं. सुयोग गाडीत बसून मोबाइल बघत होता. त्याला मी म्हटलं, तूही वळू नकोस.

वहिनीनं हाक मारली नाही. नुसतं फडकं सोडल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण. मग आई बोलली, रोज संध्याकाळी घरात बोलायची तशी.

"चल रं जेवायला. गार हुतंय."

बराच वेळ काही नाही. माझ्या समोर नुसतं उसाचं रान होतं. त्यात वारा नव्हता तरी पाती हलत होती असं मला वाटलं. मला वाटलं, तू येणार नाहीस. त्याहून वाईट म्हणजे, जे बाहेर येईल ते पाहून आई ओरडेल, असं वाटलं. सात वर्षांत पाण्याकाठी माणसाचं काय होतं, मला काय माहीत. मी फक्त तुझे तुकडे वाचले होते.

मग काटे मोडल्याचा आवाज. एक फांदी, मग दुसरी. पावलं. अनवाणी, सावकाश, वाळलेल्या चिखलावरून. थांबली. पुन्हा निघाली.

आई ओरडली नाही. "वाळला," एवढंच म्हणाली. नंतर म्हणाली, "केस पिकलं की रं तुझं." वहिनीचा आवाजच नव्हता. तिनं तोंडात पदर धरला असेल. मग मला भाकरी मोडल्याचं ऐकू आलं. ते कसं ऐकू येईल म्हणशील, पण आलं. तिघं जेवत होता.  अर्धा तास असेल, कमी असेल. या वेळी मी घड्याळ लावलं नव्हतं.

मागून वहिनी आली. तिचे डोळे सुजले होते. हातात चतकोर भाकरी, वर ठेचा.

"आत्यांनी दिलीय."

मी घेतली. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "तो काय म्हणाला?"

"काय न्हाय." ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "खाऊ दे म्हणाले. कवाधरनं उन्हात उभी हाय म्हणाले."

भाकरी मी उभ्यानंच खाल्ली. गाडीच्या काचेत मागचं सगळं दिसत होतं, खुर्ची, आई, बाभळी, आणि आईजवळ उकिडवा बसलेला कुणी तरी. मी डोळे खाली घेतले आणि भाकरीकडं बघत राहिले.

संजी